संगणकाला आमचा रस्ता दिसतो का?

जत तालुक्यातल्या कोणत्याही गावी एस.टी.च्या थांब्यावर दहा मिनिटे उभे राहा आणि रस्त्याचा विषय काढा. उत्तर ठरलेले असते : ‘ठेकेदाराने डांबर खाल्ले.’ कधी ते खरे असते, कधी नसते. पण या एका वाक्याने आपले मोठे नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. ते वाक्य उच्चारले की चौकशी संपते. भेग वरून सुरू झाली की खालून, चाकाच्या वाटेवर आहे की कडेला, मे महिन्यात दिसली की पावसाळ्यानंतर, हे कोणी विचारतच नाही. रोगी दगावल्यावर ‘आयुष्य सरले’ एवढेच म्हणून जो उठून जातो, त्याला आपण वैद्य म्हणू का?

रस्त्याच्या भेगांचेही एक शास्त्र आहे. मराठीत आपण भेग म्हणतो. तालुक्याच्या पूर्व भागात ज्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात ती ‘बिरुकु’ म्हणतात. शास्त्र दोघांना एकच. गेल्या काही दशकांत या शास्त्राने संगणक हाताशी धरला आणि रस्ता तयार होण्यापूर्वीच तो कोठे व केव्हा तडकेल याचा अंदाज बांधण्याचा उद्योग सुरू केला. तो उद्योग कसा चालतो ते आधी सांगतो, आणि मग माझी तक्रार मांडतो. तक्रार अशी की, हा संगणक मोठ्या महामार्गाकडे डोळे लावून बसला आहे. तुम्ही ज्यावरून सायकल रेटत शाळेत येता, त्या रस्त्याकडे त्याने अजून नीट पाहिलेले नाही.

प्रथम डांबराविषयी. रस्त्यावरचे काळे द्रव्य हे बहुधा खरे डांबर नसतेच. खरे डांबर दगडी कोळशापासून निघते. रस्त्यावर असते ते बिट्युमेन; खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल इत्यादी काढून घेतल्यावर जो जड, चिकट अंश उरतो त्यापासून ते मिळते. पण ‘डांबर’ हा शब्द इतका रुळला आहे की तो बदलण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

हे डांबर घन आहे की द्रव? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात टॉमस पार्नेल नावाच्या प्राध्यापकांनी १९२७ साली याच जातीचे ‘पिच’ तापवून एका काचेच्या नरसाळ्यात ओतले. ते तीन वर्षे निवू दिले आणि १९३० मध्ये नरसाळ्याची नळी खालून कापली. हातोडी मारली तर काचेसारखे फुटणारे ते पिच नळीतून गळू लागले. पण किती सावकाश? २०१४ सालापर्यंत नऊ थेंब! पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट त्याची श्यानता, असा हिशेब निघाला. म्हणजे घाईने वागवाल तर ते घन, आणि धीर धराल तर द्रव. आपला रस्ता या लहरी पदार्थाने जोडलेला आहे, हे लक्षात ठेवा. भरधाव मोटार त्यावरून गेली तर तो कडक वागतो. उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या मालमोटारीखाली तोच मऊ होऊन दबतो.

याचा प्रयोग घरी करता येतो. गुळाचा पाक करून शेंगदाण्याची चिक्की केली की तो रस्त्याचा उत्तम नमुना समजा. शेंगदाणे म्हणजे खडी, गूळ म्हणजे डांबर. (खऱ्या मिश्रणात वजनाने डांबर जेमतेम पाच टक्के असते, चिक्कीत गूळ फार जास्त, पण तेवढे चालवून घेऊ.) गरम असताना चिक्की वाकते. थंडीच्या सकाळी ती कटकन मोडते. मोडलेली कड नीट पाहा. भेग शेंगदाण्यातून आरपार गेली की त्याला वळसा घालून गुळातून गेली? गरम चिक्कीत आणि गार चिक्कीत या प्रश्नाचे उत्तर वेगवेगळे येते का? हाच प्रश्न रस्त्याच्या अभ्यासकांनाही पडतो. फरक इतकाच की त्यांना नंतर तो पुरावा खाता येत नाही.

आता भाराकडे वळू. रस्त्याला गाडीची लांबी कळत नाही, की तिचे एकूण वजनही कळत नाही. त्याला कळतो तो एकेका आसावरचा भार. बैलगाडीचा आख म्हणता तोच हा आस; गॅरेजवाले त्याला अ‍ॅक्सल म्हणतात. हिशेबासाठी ८० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ८.१६ टन भाराचा आस प्रमाण मानला आहे. त्याच्या चार टायरांपैकी प्रत्येकावर २० किलोन्यूटन येतात आणि हवेचा दाब ०.५६ मेगापास्कल धरला, तर एक टायर जेमतेम ३५७ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. तुमच्या वहीच्या एका पानापेक्षाही ती जागा लहान असते. हा दाब सायकलच्या टायरातल्या दाबाहून फार मोठा नाही, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. मग सायकलने रस्ता का खचत नाही? कारण सायकलचा भार वरच्या दोन-चार सेंटिमीटरांतच पसरून विरतो. मालमोटारीचा भार खोल, थेट मातीपर्यंत पोहोचतो.

जितका भार तितकी झीज, असे आपल्याला वाटते. ते साफ चूक आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास चाचणीचे रस्ते बांधून त्यांवरून मालमोटारी रात्रंदिवस फिरवण्यात आल्या. आसांच्या अकरा लाखांहून अधिक फेऱ्या झाल्यावर जे निष्पन्न झाले त्याचा सारांश असा, की झीज ही भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आसावरचा भार दुप्पट केला तर झीज दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, तर सोळापट! आपल्याकडे २०१८ साली चार टायरांच्या एकेरी आसावरची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली गेली. भार वाढला सुमारे १३ टक्के. ११.५ ला १०.२ ने भागून आलेल्या संख्येचा चौथा घात तुम्हीच काढा : १.६ च्या आसपास येईल. म्हणजे झीज ६० टक्क्यांनी वाढली. फेऱ्या कमी होतील, हा त्यामागचा युक्तिवाद खोटा नाही. पण फेऱ्या कमी होऊन हा सगळा फरक भरून निघत नाही.

जतच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांची लांबच लांब पाती आणि खांबांचे जाड नळकांडे घेऊन गाड्या येत, तेव्हा माणसे कामे टाकून बघत उभी राहत. ‘आता रस्ता मोडणार,’ असे तेव्हा कोणाच्याही तोंडी आले असते. पण अशा गाडीला आसही पुष्कळ असतात. भार त्यांच्यात वाटला जातो. त्याच रस्त्यावरून खडी खच्चून भरलेला, दोनच आसांचा आखूड डंपर जातो, त्याच्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. रस्त्याला विचाराल तर तो या डंपरकडे बोट दाखवण्याचा संभव अधिक.

आता भेग. खोडरबराच्या कडेवर पेनाने उभ्या रेघा मारा आणि ते वाकवा. बाहेरच्या अंगाच्या रेघा एकमेकींपासून दूर जातात, आतल्या जवळ येतात. चाकाखाली रस्ता असाच वाकतो. डांबरी थराचा वरचा भाग दाबला जातो आणि तळ ताणला जातो. हा ताण किती? एक मीटर लांबीला मिलिमीटरचा पाचवा हिस्सा वगैरे. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण तार एकदा वाकवली तर तुटत नाही आणि पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच येथे होते. लाखो चाकांनंतर तळाशी बारीक चीर पडते, ती वर सरकते, आणि चाकाच्या वाटेवर सुसरीच्या पाठीसारखी जाळी उमटते. आपल्याला ‘आज’ दिसलेली भेग खाली कधीच सुरू झालेली असते.

तळाशी ताण किती पडेल हे गणिताने काढता येते, पण ते गणित किचकट आहे. एकसंध जमिनीवर भार ठेवला तर आत काय होते, ते बूसिनेस्क या फ्रेंच गणितज्ञाने १८८५ साली सांगितले. रस्ता एकसंध नसतो. वर डांबर, खाली खडी, त्याखाली मुरूम, मग माती. थरांचे गणित बर्मिस्टर यांनी १९४३ आणि १९४५ साली मांडले. ते हाताने सोडवायचे तर एका बिंदूसाठी पानेच्या पाने खर्ची पडत. म्हणून अभियंते तयार तक्ते व आलेख वापरत. संगणकाने ही अडचण चुटकीसरशी दूर केली. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने याच कामासाठी ‘आय.आय.टी.पेव्ह’ नावाची आज्ञावली तयार केली. थरांची जाडी, त्यांचा ताठपणा आणि चाकाचा भार सांगा. तळचा ताण समोर येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आराखड्याच्या नियमावलीत आज हीच पद्धत आहे. त्या नियमावलीच्या सूत्रात ताणाचा घात ३.८९ आहे. ताण दुप्पट झाला तर रस्त्याचे आयुष्य सुमारे पंधरापटीने कमी! आणि आयुष्य संपले केव्हा म्हणायचे? पृष्ठभागाच्या २० टक्के भागावर भेगा आल्या, की.

(जाता जाता : ही रोड्स काँग्रेस १९३४ साली स्थापन झाली, तिच्या मुळाशी १९२७ ची रस्तेविकास समिती आहे, आणि त्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. आपल्याकडे जयकरांचे नाव विद्यापीठ आणि ग्रंथालय यांच्या संदर्भात निघते. रस्त्याच्या संदर्भात कोणी काढत नाही.)

पण या गणितात डांबरी थर हा एकजिनसी पट्टा मानलेला असतो. चिक्की आठवा. आत खडी आहे, डांबर आहे, बारीक भुकटी आहे आणि तीन ते पाच टक्के पोकळ्याही आहेत. भेग या सगळ्यांतून वाट काढते. ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२१ साली काचेचा अभ्यास करून दाखवले, की पदार्थ तुटतो तो त्याच्या सरासरी बळामुळे नव्हे. त्यात आधीपासून असलेल्या बारीक चिरांच्या टोकाशी काय घडते त्यावरून तो तुटतो. चीर पुढे सरकायला ऊर्जा लागते, आणि ती मिळाली तरच ती सरकते. १९७९ साली पीटर कंडल आणि ओटो स्ट्रॅक यांनी दाणेदार पदार्थांसाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यात पदार्थाचा एकेक दाणा संगणकात वेगळा ठेवतात, दाण्यांनी एकमेकांना किती रेटले ते मोजतात, आणि क्षणाक्षणाला त्यांना पुढे सरकवतात. ती मुळात वाळूसारख्या सुट्या पदार्थासाठी होती. पुढे दाण्यांमध्ये ‘गोंद’ घातला, त्या गोंदाला ताण सोसण्याची मर्यादा घातली, आणि डांबरी मिश्रणाची भेग संगणकाच्या पडद्यावर वाट काढू लागली. काही प्रयोगशाळांत तर रस्त्यातून कापून काढलेल्या गोल तुकड्याचे क्ष-किरणांनी थरथरांचे चित्र घेतात. दवाखान्यात माणसाचा सी.टी. स्कॅन होतो तसेच. मग आतली खडी जशी आहे तशीच संगणकात उतरवतात.

ही किमया मोठी आहे, पण तिला मर्यादाही तितक्याच मोठ्या आहेत. दाण्यांच्या या पद्धतीत पावले फार लहान टाकावी लागतात. एक पाऊल सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे धरले, तर एका सेकंदासाठी दहा लाख पावले. रस्त्याचे पंधरा वर्षांचे आयुष्य म्हणजे ४७ कोटी सेकंद. गुणाकार करून पाहा, म्हणजे लक्षात येईल की हे होणे नाही. त्यामुळे मुठीएवढ्या तुकड्याचे काही क्षण पाहायचे, त्यातून मिळालेले गुणधर्म मोठ्या थराच्या गणितात घालायचे, आणि त्याचा निकाल वर्षांच्या हिशेबात, अशी पायरीपायरीने कसरत करावी लागते. प्रत्येक पायरीवर काहीतरी गृहीत धरलेले असते.

आणि गृहीत धरलेल्या गोष्टी कोठल्या? ओटावाच्या चाचणीत खालची माती एकाच प्रकारची होती आणि तेथे हिवाळ्यात जमीन गोठते. जतला जमीन गोठत नाही, ती तापते. मे महिन्यात हवा चाळिशीला टेकली की काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जातो. या उन्हाने आणि हवेतल्या प्राणवायूने डांबर म्हातारे होते. त्याचा चिकटपणा जाऊन ते ठिसूळ होते. आपल्याकडे रस्ता पावसाने खराब होतो असे म्हणतात, आणि कोकणात ते खरेच आहे. पण गुहागर-विजापूर हा एकच महामार्ग घ्या. तो समुद्रकाठी निघतो, चिपळूणनंतर कुंभार्ली घाट चढून कोयनेच्या धो धो पावसातून जातो, कराड, विटा करीत जतला येतो आणि पुढे कर्नाटकात शिरतो. एकाच रस्त्याचा एक तुकडा पाण्याने मरतो, दुसरा उन्हाने. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक केला तेव्हापासून आपल्याकडे वेगवान यंत्रे आहेत. वेगाचे आता फारसे अडत नाही. अडते ते यंत्रात घालायच्या आकड्यांचे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आता माझी तक्रार. हे सगळे गणित जाड डांबरी थराचे आहे. तो थर पट्ट्यासारखा वाकतो, त्याचा तळ ताणला जातो, वगैरे. आपल्या खेड्यांना जोडणाऱ्या कितीतरी रस्त्यांवर डांबरी थर असतो अवघा २० मिलिमीटर, म्हणजे दोन सेंटिमीटर. तो पट्टा नव्हेच. ती खाटेवर अंथरलेली सतरंजी आहे. सतरंजी वजन पेलत नाही, खाट पेलते. सतरंजी फाटलेली दिसली की आपण तिला ठिगळ लावतो, आणि मोडलेला खूर तसाच राहतो. अशा रस्त्यांसाठी तयार तक्ता असतो : मातीचे बळ अमुक, वाहतूक तमुक, तर खडीचा थर इतका. तक्ता वाईट नाही. स्वस्त आहे, सोपा आहे, आणि त्याने पुष्कळ गावे जोडली गेली. पण महामार्गाच्या भेगेला क्ष-किरण आणि खेड्याच्या भेगेला ठिगळ, ही वाटणी मला पटत नाही.

एक उदाहरण देतो, म्हणजे हा नुसता हळवेपणा नाही हे कळेल. जत हा दुष्काळी तालुका. पाऊस रुसला की उन्हाळ्यात गावोगाव टँकर धावतात. समजा, भरलेल्या टँकरच्या मागच्या आसावर दहा टन आले. चौथ्या घाताने ती एक फेरी प्रमाण आसाच्या सव्वादोन फेऱ्यांच्या बरोबरीची. दिवसाला चार भरलेल्या फेऱ्या आणि तीन महिने, म्हणजे ३६० फेऱ्या. प्रमाण आसाच्या हिशेबात ८०० हून जास्त. ज्या गावात एरवी दिवसातून दोनदा एस.टी. येते आणि परत जाते, तिथल्या बसच्या मागच्या आसाची गणती एक धरली, तर अख्ख्या वर्षाच्या फेऱ्या होतात १४६०. म्हणजे तीन महिन्यांत टँकरने वर्षभराच्या निम्म्याहून अधिक भर घातली, आणि तीही डांबर सर्वांत मऊ असताना. आता सांगा, रस्त्याचा आराखडा करताना वाहतुकीची मोजणी चांगल्या पावसाच्या वर्षी झाली असेल, तर त्यात हा टँकर कोठून दिसणार? टँकर येऊ नये, असे म्हणण्याचा प्रश्नच नाही. तहान आधी. पण दुष्काळ जर आपल्याकडे ठरलेला पाहुणा आहे, तर त्याच्या टँकरचा भार रस्त्याच्या गणितातही ठरलेला हवा. या पाहुण्याचा आणि रस्त्याचा संबंध तर जुनाच आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लाखो माणसे खडी फोडायला बसली होती. घरी पणजी-आजी असतील तर त्यांना विचारा.

आणि पाणी आले तरी गणित बदलतेच. म्हैसाळ योजनेचे पाणी तालुक्याच्या काही भागात पोहोचले आहे. पाणी आले की द्राक्षे, डाळिंबे वाढतात, ऊस येतो, आणि उसाबरोबर ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या येतात. ज्वारी-बाजरीच्या गावासाठी बांधलेला रस्ता उसाच्या गावाला पुरेल असे नाही. हा बदल संगणकाला आपोआप कळत नाही. तो शेतातच कळतो.

यावर एखादा अभियंता म्हणेल, की प्रत्येक पाणंदीचे संगणकीय प्रतिमान करत बसलो तर रस्त्याहून प्रतिमानच महाग पडेल. बरोबर आहे. प्रत्येक रस्त्याचे प्रतिमान करा असे मी म्हणत नाहीच. माळावरचा मुरमाड, सखल भागातल्या काळ्या मातीवरचा, टँकरचा, उसाचा. असे चार-पाच नमुने निवडावेत आणि त्यांची गणिते नीट बसवावीत. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आखडते, आणि रस्त्याच्या कडेने लांबच लांब भेग पाडते. तिला चाकाची गरजही लागत नाही. वीस मिलिमीटरच्या मोकळ्या बांधणीच्या थरात हवा जास्त खेळते, म्हणून तो लवकर ठिसूळ होतो. या गोष्टी ढोबळमानाने सर्वांना माहीत आहेत. आकड्यांत, आपल्या मातीच्या आणि आपल्या उन्हाच्या आकड्यांत, त्या हव्यात. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे आणि जतला एका दिवसात जाऊन परत येता येते. नाशिकला ‘मेरी’ ही राज्याची अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ पासून आहे. माणसे आहेत, यंत्रे आहेत. कमी आहे ती नोंदींची.

आणखी एक मागणी. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तेव्हापासून खेड्यातल्या रस्त्याच्या तोंडाशी माहितीचा फलक दिसतो. त्यावर लांबी, खर्च, तारखा आणि पाच वर्षांच्या देखभालीचा उल्लेख असतो. माझ्या मते त्यावर दोन आकडे ठळकपणे यायला हवेत. पहिला, खालच्या मातीचे बळ किती आढळले. दुसरा, रस्ता प्रमाण आसाच्या किती फेऱ्यांसाठी बांधला. हे आकडे आराखड्यात असतातच. ते कपाटातून फलकावर आणायला वेगळा खर्च नाही. मग थांब्यावरच्या गप्पांत ‘डांबर खाल्ले’ याच्या जोडीला ‘हा रस्ता इतक्या फेऱ्यांचा होता, आणि झाल्या तितक्या’ असेही कोणी म्हणू शकेल. ठेकेदार चोर असेल तर तो या आकड्यांनी अधिक पक्का सापडेल. नसेल तर सुटेल.

राहता राहिले नोंदींचे. हे काम तुम्ही करू शकता, आणि शाळेने ते विज्ञानाच्या तासाला धरावे. मोठा रस्ता नको. शाळेजवळचा, कमी रहदारीचा शंभर मीटरचा तुकडा घ्यावा. दर दहा मीटरांवर कडेला चुन्याची खूण करावी. वहीत रस्त्याचा आराखडा काढून प्रत्येक भेग त्यात उतरवावी : आडवी, उभी, कडेची की जाळीची. रुंदी मोजायला जुने पोस्टकार्ड पुरते. भेगेत शिरते की नाही एवढे लिहावे. दुपारी दोन वाजता रस्त्याचे तापमान घ्यावे. तापमापीचा फुगा डांबराला टेकवून वर ओले नव्हे, कोरडे फडके ठेवावे. बाजाराच्या दिवशी एक तास आणि एरवी एक तास जड गाड्या मोजाव्यात. टँकर वेगळे, ऊस वेगळा, एस.टी. वेगळी. पहिली नोंद मेच्या सुट्टीत घ्यावी, दुसरी पहिल्या मोठ्या पावसानंतर, तिसरी दिवाळीच्या सुमारास. गुरुजींना बरोबर घेतल्याशिवाय रस्त्यावर उतरू नये. मोजणाऱ्याचे डोळे खाली असतात, म्हणून एकाने काही न मोजता फक्त येणाऱ्या गाड्यांकडे पाहत उभे राहावे. त्याचे नाव वहीत सर्वांत वर लिहावे.